पडद्यावरची दुहेरी माणसे

मागच्या मंगळवारी आमच्या जामखेडच्या घरातील लोखंडी कपाटामागून अन्वरभाई मेकॅनिकने एक वीतभर तार कापून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. तारेच्या मध्यावर काळ्या चिकटपट्टीची गाठ होती. ती गाठ मी स्वतः बांधलेली होती. तहसील कचेरीसमोर बसून मी बावीस वर्षे लोकांचे अर्ज लिहिले. कोणत्या अर्जात काय दडवायचे आणि काय ठळक मांडायचे, हे मला पुरते अवगत आहे. परंतु ती वीतभर तार मी नुसतीच मुठीत मिटून घेतली.

घडले होते ते इतकेच. सुनेने हौसेने तीन खोल्यांत तीन टीव्ही बसवले. गच्चीवर छत्री एक, तिच्याखाली सिग्नलची वाटणी करणारी डबी, आणि डबीतून तीन खोल्यांकडे निघालेल्या तीन तारा. खालच्या दोन खोल्यांत चित्र लख्ख यायचे. माझ्या माडीवरच्या खोलीत मात्र बातम्या सांगणाऱ्या बाईचा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटायचा, ओठ एकीकडे आणि हनुवटी दुसरीकडे. अन्वरभाईने हातातल्या यंत्राने छत्रीपाशी तपासले, डबीपाशी तपासले, जिन्यात तपासले. मग टोपी मागे सरकवून त्याने विचारले, "साहेब, आत कुठं जोड मारलाय का?"

"नाही," मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला. "न्हाई कसं? कपाट हलवलं तवा तार आखूड पडली हुती. तुमीच तर दातानं सोलली."

"दातानं?" अन्वरभाई खो खो हसला. "साहेब, तार जाऊ द्या, आधी दात दाखवून या दवाखान्यात."

मीही हसलो. हसताना लक्षात आले, की त्याचा प्रश्न पुरा होण्याआधीच माझे 'नाही' तयार होते. ते आठवून, विचार करून, तपासून आलेले नव्हते. ते फार जुने होते. ते मी पूर्वी एकदा, खर्ड्याच्या आमच्या गल्लीत, शिडीच्या पायाशी उभ्या असलेल्या माणसाला दिले होते.

खर्ड्यातील आमची गल्ली किल्ल्याच्या अंगाने जाते. दुपार कलली की तटाची सावली घरांच्या कौलांवरून हळूहळू उतरते. त्या सावलीत बाया वाकळा शिवत, शेरडे रवंथ करीत, आणि कौलांवर अॅल्युमिनियमचे अँटेने कावळ्यांना बसायला उभे असत. चित्र बिघडले की घरातला कर्ता पुरुष कौलावर चढे. "आलं का?" "न्हाई!" "आता?" "आलं आलं, थांबा! गेलं!" हा संवाद संध्याकाळी साऱ्या गल्लीत चाले. पडद्यावर मुंग्यांचे वारूळ फुटल्यासारखे ठिपके धावत आणि त्या ठिपक्यांतून कधीतरी एखादा चेहरा वर येई. तेवढ्यावर आम्ही तृप्त होतो.

मग नामदेवने आपल्या गच्चीवर मोठी छत्री बसवली. नामदेव माझ्याच वर्गातला; मी दहावीला अडकलो, तो नववीलाच सोडून वायरमनच्या हाताखाली गेला होता. ती छत्री म्हणजे जाळीचे एक भले थोरले ताट होते, आणि ते आभाळाकडे तोंड करून बसले होते. त्या ताटात पडलेले चित्र नामदेवने काळ्या तारेतून घरोघर वाढले. त्याची पहिली तार कोणाकडे गेली असेल, तर त्याच्या आईकडे. हौसाकाकू थोरल्या मुलाजवळ आमच्याच गल्लीत राहायच्या. त्यांच्या घरी सकाळी भजनाचा कार्यक्रम लागायचा. पडद्यावर देवाची मूर्ती दिसली की त्या चुलीपुढून उठून येत, ओला हात पदराला पुसत आणि दारातून जाणाऱ्याला सांगत, "आज देव कसा लख्ख दिसतोय बघ. माझ्या नाम्यानं आणलाय."

त्या दिवसांचा वास माझ्या नाकात अजून आहे. टीव्हीच्या मागच्या जाळीतून येणारा तापलेल्या धुळीचा वास. तारा जोडताना नामदेवच्या डाग देण्याच्या तापल्या कांडीतून उठणारा राळेचा वास. हौसाकाकूंच्या हातच्या जवसाच्या चटणीचा वास. रोज दुपारी तारा बघण्याच्या निमित्ताने नामदेव आईकडे यायचा. ती त्याला भाकरीवर चटणी आणि वर तेलाची धार घालून द्यायची. तो उंबऱ्यावर बसून खायचा आणि खाता खाता मला हाक मारायचा, "ये रं भावड्या, एक घास घे." उन्हाळ्यात तारा तापून खाली लोंबत, आणि बैलगाडीतल्या कडब्याला अडकू नयेत म्हणून तो त्यांना काठीने वर उचलून धरी. थंडीत तारा ताठ होत आणि चित्र काचेसारखे स्वच्छ येई. हुरड्याच्या दिवसांत लोक शेतातून लवकर परतत, हातपाय धुऊन पडद्यापुढे बसत, आणि साऱ्या गल्लीत एकाच वेळी एकच गाणे ऐकू येई. एका घरातून दुसऱ्या घरात गेले तरी गाणे तुटत नसे. असे पुन्हा कधी झाले नाही.

बिघाड आला की नामदेवची एक पद्धत होती. गव्हाच्या पोत्याचे अस्तर लावलेल्या पाटीत त्याने बॅटरीवर चालणारा एक छोटा काळा-पांढरा टीव्ही बसवला होता. ती पाटी डोक्यावर घेऊन तो आपल्या गच्चीपासून निघायचा. प्रत्येक खांबावरच्या डबीपाशी थांबायचा, तार काढून पाटीतल्या टीव्हीला लावायचा, पुढे जायचा. लोक चेष्टा करीत, "नामदेवा, सिनेमा डोक्यावर घेऊन कुठं निगाला?" तो म्हणे, "जिथवर चित्र चांगलं, तिथवर तार चांगली. बिघडलं की तिथंच थांबायचं आन् शिडी लावायची." इतकी साधी आणि न्याय्य तपासणी मी पुढे कोणत्याही कचेरीत पाहिली नाही.

ज्या वर्षी गल्लीत दुहेरी चित्रे दिसू लागली, त्या वर्षी मी नुकताच जामखेडला टेबल मांडून बसलो होतो. खिशाला दोन पेने, शाईचा पॅड, कार्बनचे कागद. खर्ड्याला परतलो की लोक मला 'रायटर' म्हणत आणि मी ते ऐकू न आल्यासारखे करीत ऐकत असे. मला बातम्या शांतपणे ऐकायच्या असत. बाहेरच्या खोलीत गल्लीतली माणसे दाटीने बसत. म्हणून मी आतल्या खोलीसाठी एक छोटा टीव्ही आणला. नामदेवला सांगितले असते, तर त्याने अर्ध्या घटकेत नीट डबी बसवून दिली असती. सांगणे मला कमीपणाचे वाटले. गल्लीची मुख्य तार आमच्या वळचणीखालून पुढे जात होती. भिंतीवरच्या डबीच्या अलीकडे ती मी पात्याने सोलली, दुसरी तार तिच्याभोवती पिळून बसवली आणि चिकटपट्टी गुंडाळली. आत चित्र आले. मला स्वतःचे मोठे कौतुक वाटले.

काही दिवसांत आमच्या पुढच्या घरांत माणसे दोन-दोन दिसू लागली. बोलणाऱ्याच्या उजव्या खांद्यामागून त्याचीच फिकट सावली बोलायची. गोलंदाजाच्या हातून एक चेंडू सुटायचा आणि फलंदाजाकडे दोन पोचायचे. पाऊस झाला की सावल्यांबरोबर ठिपकेही यायचे. हौसाकाकूंनी मला दारात अडवले. "रायटर, देवाच्या मागं आजून एक देव हुबा हाय. कोन हाय रं त्यो?" मी म्हणालो, "सिग्नलचा दोष असावा." सिग्नल या शब्दाने त्यांचे समाधान झाले.

नामदेव पाटी घेऊन निघाला. एकदा, दोनदा, तीनदा. तिन्ही वेळा त्याची पाटी आमच्या भिंतीपाशी येऊन थांबली. तिसऱ्या वेळी तो शिडी घेऊनच आला.

"भावड्या, तुज्या वळचणीला आत कुठं जोड दिलाय का?"

"नाही," मी म्हणालो.

"एकदा चढून बघतो."

"घरात बाईमाणूस आहे. पूर्वसूचनेशिवाय असे चढता येणार नाही."

तो माझ्याकडे बघून हसला. "आरं, मी काय झडती घ्याया आलोय व्हय? चढतो, बघतो, उतरतो."

"मी सांगितले ना, जोड नाही. माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर तसे सांग."

शिडी खांद्यावर टाकून तो गेला. मला माहीत नव्हते, असे मी पुढे कित्येक वर्षे स्वतःला सांगत आलो. ते खरे नाही. पाटी तीन वेळा माझ्याच भिंतीपाशी थांबली तेव्हा शंका मला आली होती. मी वर जाऊन बघितले नाही, एवढेच.

लोक वैतागले. कोणी म्हणाले छत्री जुनी झाली, कोणी म्हणाले नामदेवचे लक्ष उडाले. मग एका संध्याकाळी माझ्या ओट्यावर जमून सर्वांनी सांगितले, "रायटर, तुमी लिवा. तुमच्या लिवन्याला वजन हाय." आयुष्यात प्रथमच साऱ्या गल्लीच्या वतीने लिहिण्याचा मान मला मिळत होता. ग्रामपंचायतीकडे अर्ज लिहिला. सदर इसमाने सार्वजनिक खांबांवर तारा टाकून नागरिकांना उपद्रव दिला आहे, त्याचे काम निष्काळजीपणाचे आहे, तरी सदर तारा तत्काळ उतरवण्यात याव्यात. एकेक शब्द मी घासूनपुसून बसवला. त्यातले 'निष्काळजीपणाचे' हे लिहिताना हात जरा अडला होता. मी तो पुढे नेला.

मग घरोघर सह्या. प्रत्येकाला मी मजकूर वाचून दाखवला. हौसाकाकूंच्या दारात मात्र वाचला नाही. त्या तांदूळ निवडत होत्या. "तारेचे काम आहे, काकू. गल्लीतल्या सर्वांचे आहे," इतकेच मी म्हणालो, आणि त्यांचा डावा अंगठा पॅडवर टेकवून कागदावर दाबला. त्याखाली त्यांचे नाव लिहिले. आणि सवयीने, मला पाठ असलेल्या अक्षरांत, लिहिले: वाचून दाखवले, मान्य आहे.

सभेत अर्ज वाचला गेला. नामदेव खांबाला टेकून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर काही बोलायचे आहे असा भाव होता. सरपंचांनी कागद त्याच्या हातात दिला. तो सह्यांवरून बोट फिरवत खाली आला आणि एका ठिकाणी त्याचे बोट थांबले. बराच वेळ ते तेथेच होते. मग त्याने कागद परत दिला आणि तो निघाला. माझ्या जवळून जाताना म्हणाला, "लई झ्याक लिवलंय तुमी, रायटर." लहानपणापासून मी त्याचा भावड्या होतो. त्या संध्याकाळी मी 'तुमी' झालो, आणि तोच मान अजून चालू आहे.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच तारा उतरवल्या. पंचायतीच्या माणसाची वाट बघितली नाही. गुंडाळलेल्या तारांची वेटोळी तो गळ्यात अडकवून गल्लीतून चालत होता आणि कोणाच्या दाराकडे बघत नव्हता. आईच्या दाराकडेही नाही. हौसाकाकू भाकरी झाकून उंबऱ्यात उभ्या होत्या. तो पुढे गेला. मी वळचणीवरची माझी तार खाली ओढली. चिकटपट्टी सुटून लोंबत होती, आत पाणी शिरले होते, तांब्यावर हिरवा कळंक चढला होता. गल्लीभर फिरणाऱ्या साऱ्या सावल्या त्या बोटभर जागेतून निघाल्या होत्या. मी ती उकिरड्यात खोल पुरली.

नामदेव पुन्हा आईच्या उंबऱ्यावर जेवायला बसला नाही. हौसाकाकू तीन-चार महिन्यांनी माझ्याकडे आल्या. हातात पदराखाली झाकलेली वाटी होती, जवसाची चटणी. "रायटर, त्या कागदात मी काय लिवून दिलं रं? नाम्या माज्याशी बोलत न्हाई. थोरला म्हनतो, तूच त्याच्या तारा काडाया लावल्यास. मी कवा लावल्या?"

"तसे काही नाही, काकू. कामाच्या गडबडीत असेल तो."

"मग तू त्याला एक कागद लिव. म्हनावं, तुज्या आईला काय ठावं न्हवतं."

"लिहू," मी म्हणालो.

तो कागद मी लिहिला नाही. लिहायचा, तर त्यांना का ठाऊक नव्हते हे लिहावे लागले असते. आणि ते लिहायचे, तर वळचणीपर्यंत जावे लागले असते. त्या अधूनमधून विचारीत. पुढे विचारीनाशा झाल्या. मी बिऱ्हाड जामखेडला हलवले. हौसाकाकू वारल्या तेव्हा मी खर्ड्याला गेलो होतो. नामदेवने खांदा दिला, सगळे रीतीप्रमाणे केले. परंतु तो परक्याच्या मयताला आल्यासारखा आला आणि तसाच गेला. बायकांत कुजबुज झाली, कसा दगड आहे बघा. तो दगड कोणी केला, हे त्या अंगणात फक्त मला माहीत होते, आणि मी सावलीची जागा बघून बसलो होतो.

हे सर्व, अन्वरभाई माझ्या खोलीत नवी तार ओढत असताना, मी पलंगावर बसून आठवत होतो. त्याने तार जोडली, चित्र आले. बातम्यांची बाई एकसंध झाली. "आता बघा, कसं स्वच्छ हाय," तो म्हणाला. मला त्या स्वच्छ चित्राकडे बघवेना. सौभाग्यवतींनी विचारले, "काय होतंय?" मी म्हणालो, "उद्या खर्ड्याला जाऊन येतो." "कशाला?" असे त्यांनी विचारताच मी पिशवी शोधायला उठलो. नाहीतर 'काही नाही' म्हणून पुन्हा ते जुने 'नाही' तोंडातून निघाले असते.

सकाळच्या एसटीने गेलो. दोन्ही अंगांना तुरीची शेते वाळून उभी होती. नामदेवचे आता बाजाराच्या रस्त्याला पाण्याच्या मोटारींत नवी तार भरून देण्याचे दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक त्याच्याकडे आणतात. दुकानात वॉर्निशचा उग्र वास होता. तो स्टुलावर बसून मोटारीत बसवायची तांब्याची तार गुंडाळत होता. हातचाकी फिरत होती. केस पार पांढरे झाले आहेत. दुकानामागेच त्याचे घर आहे.

"या, रायटर," तो म्हणाला. "कुनाची मोटार जळाली?"

मी उभ्यानेच सांगितले. रस्त्याने येताना जो मजकूर मनात जुळवला होता, त्यातले एकही वाक्य कामी आले नाही. म्हणालो, "नामदेवा, त्या वेळी जोड माझ्या वळचणीला होता. मी तुला नाही म्हणालो. मी खोटे बोललो."

"ते ठावं हाय." त्याचे हात थांबले नाहीत. "चित्र तुमच्या भिंतीपाशीच फुटत हुतं. सभेत तेच सांगनार हुतो."

"मग का नाही सांगितलेस?"

"आईचा अंगठा दिसला की. आपलीच आई जिथं म्हनती निष्काळजी, तिथं काय सांगायचं लोकान्ला?"

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. तो जाईपर्यंत मी थांबलो. मग म्हणालो, "तिला माहीत नव्हते, नामदेवा. मी तिला अर्ज वाचून दाखवला नाही. खाली लिहिले मात्र तसे. तारेचे काम आहे, एवढेच तिला सांगितले होते. तुला हे लिहून कळव, असे ती मला पुढे कितीदा म्हणाली. मी लिहिले नाही."

हातचाकी फिरत फिरत थांबली. त्याने माझ्याकडे बघितले नाही. तांब्याच्या तारेचे टोक त्याच्या बोटांत तसेच राहिले. तो शिव्या देईल, उठेल, हात उगारेल, यासाठी मी मनाची तयारी केली होती. तो उठलाही नाही. मग अगदी हळू आवाजात म्हणाला,

"आंगठा घेताना काय म्हनली ती?"

"मी म्हणालो, तारेचे काम आहे. तर ती म्हणाली, 'माज्या नाम्याच्या तारंचं हाय न्हवं? मग उजवा बी घे. दोन्ही घे.' दोन्ही हात पुढे केले होते तिने. हाताला तांदळाची भुकटी होती."

"परत सांगा."

मी परत सांगितले. शब्द न बदलता.

नामदेवने तार खाली ठेवली. दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे टाकले आणि त्यांच्याकडे बघत बसला. मग मागच्या दाराकडे तोंड करून, मी लहानपणानंतर कधी ऐकला नव्हता अशा आवाजात त्याने हाक मारली, "अगं ए, भायेर ये. आई काय म्हनली हुती, ते ऐक."

त्याची बायको कणकेचे हात तसेच घेऊन दारात आली. कोणी मला बस म्हणाले नाही, आणि बसण्याचा माझा अधिकारही नव्हता. मी उभ्यानेच पुन्हा पहिल्यापासून सांगू लागलो.